वायर धरून
एरंडोलच्या घरात टेलिफोन आला, तो मुंबईच्या मुलाचा आवाज ऐकता यावा म्हणून. रजेवर आलेल्या मुलाने इंटरनेटसाठी फोनची वायर काढून लॅपटॉपला लावली; पण दोनदा किरकिरून संपर्क तुटला. भिंतीजवळचा जोड उंदरांनी कुरतडला होता. त्याचे वडील, आबा, खाली बसले आणि त्यांनी जोड अंगठ्याने दाबून धरला. "तुना फोन येस, तव्हय बी असाच धरस मी." मुलाला हे ठाऊक नव्हतं. "काय लिखं शे?" आबांनी विचारलं. "अमेरिकेची नोकरी घेतो म्हणून कळवतोय. होकार द्यायचा आज शेवटचा दिवस." आई गेल्यापासून आबा एकटेच होते. अंगठा जरा सैल पडला असता, तर पत्र गेलं नसतं. आबांनी तो नख पांढरं पडेपर्यंत दाबला. "गयी का चिठ्ठी?" "गेली." मुलाने लॅपटॉप मिटला. "आबा, सोडा आता." "हा," आबा म्हणाले, तरी अंगठा तिथेच होता.