पन्नास खेळ्या

पडद्यावर पुन्हा तीच चौकट उघडली. ‘हार मानायची का?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. दहा सेकंदांत कुणी काहीच दाबलं नाही, तर प्रोग्रॅम आपण होऊन हार मानणार. बहिणीने ‘नाही’ दाबलं.

ही चौकट भावाची कल्पना. बुद्धिबळ खेळणारा हा प्रोग्रॅम दोघांनी मिळून आठ वर्षं लिहिला होता, नोकऱ्या सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी. डाव चार प्याद्यांइतका मागे पडला की समोरच्याचा वेळ खायचा नाही, सरळ विचारायचं, असा शिष्टाचार भावाने त्यात घालून ठेवला. तेव्हा तिने त्याची यथेच्छ थट्टा केली होती. आता दर खेळीला तो शिष्टाचार तिच्या मुळावर येत होता.

स्पर्धा प्रोग्रॅमांची होती. माणसांनी फक्त समोरासमोर बसायचं, आपापल्या पडद्यावर येईल ती खेळी लाकडी पटावर करायची आणि मध्ये पडायचं नाही. माणसाला अधिकार एकच, हार मानण्याचा.

समोर गेल्या वर्षीचा विजेता होता. तो प्रोग्रॅम चालत होता दुसऱ्याच कुठल्या इमारतीतल्या मोठ्या संगणकावर. इथे त्याच्या कंपनीचा माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसला होता. पटावर त्यांचा राजा आणि वजीर, इकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. प्याद्यांच्या हिशेबात त्यांच्या पडद्यावरचा अंदाजाचा आकडा अधिक पाच, यांचा उणे चार. निकालाबद्दल दोन्ही संगणकांचं एकमत झालेलं, त्यामुळे बघे केव्हाच पांगले होते.

“आकडा बघ,” भाऊ हळूच म्हणाला.

“तू पट बघ.”

“अगं, तोच सांगतोय हरलो म्हणून. आपलाच आहे ना तो?”

“आपला आहे म्हणून त्याला सगळं कळतं असं थोडंच आहे?”

आज हरले तर ते शेवटचे येणार होते, आणि शेवटच्याला पुढच्या वर्षी जागा नव्हती. ‘तसं झालं तर मी हा प्रोग्रॅम सोडून देतो,’ असं भावाने सकाळीच सांगून टाकलं होतं. चिडून बोलला असता तर तिने कानाआड केलं असतं. पण तो बुटांच्या नाड्या बांधता बांधता अगदी शांतपणे बोलला होता. बरोबरी झाली, तर अर्ध्या गुणाने ते वर सरकत होते. आणि तो अर्धा गुण तिला पटावर दिसत होता.

प्याद्याच्या आडोशाला राजा. प्याद्याने राखलेली दोन घरं. हत्तीने या घरातून त्या घरात जायचं आणि परत यायचं, बस. विजेत्याचा वजीर भोवती कितीही नाचला तरी त्याच्या राजाला हत्तीची ओळ ओलांडता येत नव्हती, आणि एकट्या वजिराने मात होत नाही. काही मारलं गेलं नाही, प्यादं हललं नाही, अशा दोन्हीकडून पन्नास खेळ्या झाल्या की डाव बरोबरीत. थोड्या मोहऱ्यांच्या अशा डावांच्या तयार उत्तरांच्या याद्यांना या स्पर्धेत बंदी होती, म्हणून एवढी साधी गोष्ट त्या महागड्या संगणकाला माहीत नव्हती. यांच्याही प्रोग्रॅमला नव्हती, हीच तिची भीती. त्याने एकदा जरी उगाच प्यादं पुढे ढकललं, तरी तिला ते मुकाट्याने ढकलावं लागणार होतं.

एकविसावी खेळी. हत्ती डावीकडे. ‘नाही’. बाविसावी. हत्ती उजवीकडे. ‘नाही’.

“मॅडम, आमची साडेपाचची गाडी आहे,” कंपनीचा माणूस म्हणाला. “निकाल तर सगळ्यांनाच दिसतोय.”

“मला नाही दिसत. दिसला की सांगते.”

त्याने पंचांना बोलावलं. पंचांनी पट पाहिला, कागदावरच्या खेळ्या मोजल्या, आणि खुर्ची ओढून तिथेच बसले.

चौतिसाव्या खेळीला चौकट उघडली आणि भावाचा हात लॅपटॉपकडे गेला. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

“दादा, हात मागे घे.”

त्याने घेतला. आणि मग, करायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून, तो पटाकडे बघू लागला. सात खेळ्या तो नुसता बघत होता. हत्ती डावीकडे, हत्ती उजवीकडे. तिकडे वजीर खोलीभर फिरून दमलेल्या माशीसारखा पुन्हा पुन्हा तिथेच येत होता.

बेचाळिसाव्या खेळीला त्यांचा प्रोग्रॅम अडला. एक मिनिट झालं, दोन झाली. विचारात असलेली खेळी पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. तिथे आलं, प्यादं पुढे. तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, कारण ते धरण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं.

“प्यादं नको रे बाबा,” शेजारून आवाज आला. भाऊ पडद्याला सांगत होता. “हत्ती. हत्तीच.”

आणखी एक मिनिट गेलं. हत्ती उजवीकडे.

चौकट उघडली. या वेळी ‘नाही’ भावाने दाबलं, जरा जास्तच जोरात.

पन्नासावी खेळी झाली तेव्हा पंचांनी घड्याळ थांबवलं. “बरोबरी,” ते म्हणाले आणि सह्यांसाठी कागद पुढे केला. दोन्ही पडद्यांवर अजून अधिक पाच आणि उणे चारच होतं. कंपनीच्या माणसाने हात मिळवला, पटाकडे एकदा वाकून पाहिलं आणि गाडी पकडायला धावला.

ती खुर्चीत मागे टेकली. आता तिला रडू येत होतं, आणि भावासमोर रडायचं नव्हतं. पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याने सह्यांच्या कागदाची आपली प्रत पालथी केली होती आणि त्यावर घरं आखत होता, आठ उभी, आठ आडवी.

“पुढच्या वर्षी हे त्याला आपलं आपण कळलं पाहिजे,” मान वर न करता तो म्हणाला. “सांग. तुला आधी काय दिसलं, हत्ती की ती ओळ?”