सरावातला पेशंट

"हा कॉर्विन क्रोगर कोण?" टेरेसानं विचारलं.

आर्डिथनं चष्मा वर सारला. "माझा मुलगा."

झालं! टेरेसानं कपाळाला हात लावला. सगळा आठवडा या बायकांना कॉम्प्युटर शिकवताना घसा कोरडा करून तिनं एकच गोष्ट बजावली होती. सराव करताना खऱ्या माणसाची माहिती भरायची नाही, पेशंट आपल्या मनानं रचायचा. प्रेअरीतल्या, गवताळ सपाट मुलखातल्या या लहानशा सरकारी इस्पितळाच्या कागदी फायली आता मोडीत निघणार होत्या आणि सोमवारपासून सगळा कारभार कॉम्प्युटरवर होणार होता. त्याआधी नोंदणीच्या खिडकीवरच्या प्रत्येकीनं एक खोटा पेशंट जन्मापासून भरून दाखवायचा, म्हणजे परीक्षा पास. ग्लेनिसनं हॉकी खेळणारा, तीन बायकांनी हाकलून दिलेला एक टग्या रचला होता आणि वर त्याला मूळव्याधही दिली होती. सगळ्या पोट धरधरून हसल्या होत्या.

आर्डिथ हसली नव्हती. तिचा हातच माऊसवर ठरत नव्हता. साठी उलटलेली बाई, उभा जन्म फायली काढण्यात आणि ठेवण्यात गेलेला. हे जमलं नाही तर पेन्शनच्या तोंडावर घरी बसावं लागणार, ही धास्ती वेगळीच. मग तिनं हा कॉर्विन भरायला घेतला आणि बाईची गाडी अशी सुटली की विचारू नका. लहानपणी कान फुटायचे. टॉन्सिल काढलेले. स्ट्रॉबेरी खाल्ली की अंगभर गांधी उठायच्या. बर्फावर आपटून मोडलेलं खांद्याचं हाड, नि आता चाळिशीचा चष्मा. जेवायची सुट्टी झाली तरी बाई उठायची नाही. तिला जमतंय या आनंदात टेरेसाचं पेशंटच्या आडनावाकडे लक्षच गेलं नव्हतं.

आता गेलं होतं. गोपनीयतेचा नियम कडक. राजधानीतल्या, रेजायनाच्या मुख्य कार्यालयाला कळवणं भाग होतं, आणि कळवलं की आर्डिथची परीक्षा रद्द, वर चौकशी. म्हणजे नोकरी गेलीच. टेरेसाला मनापासून वाईट वाटत होतं. रेजायनाहून शिकवायला आलेल्या या परक्या मुलीसाठी आर्डिथनं पहिल्याच दिवशी घरून डबाभर पेरोगी आणल्या होत्या, बटाटा आणि चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्याच त्या, टेरेसाची आई करायची तशाच.

टेरेसानं दार लोटलं.

"हे बघा आर्डिथ, हा पेशंट मी मनानं रचलाय, एवढंच म्हणा. मी तसं लिहून टाकते. मी काही तुमच्या घरी येऊन बघणार नाहीये."

"तसं मी म्हणणार नाही."

"अहो, एका वाक्याचा प्रश्न आहे."

"कळतंय गं पोरी. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही."

टेरेसाला रागच आला. नोकरी हातची जातेय आणि बाईंचा हट्ट बघा! मग तिला आठवलं की नियमाला एक पळवाट आहे. ज्याची माहिती भरली, त्याची संमती असेल तर चालतं, अगदी तोंडी असली तरी. तिनं आर्डिथला म्हटलं, मुलाशी माझं बोलणं करून द्या. त्यावर आर्डिथ म्हणाली, त्याला यात ओढू नकोस, आणि कॉफीचा कप उचलून सरळ खिडकीवर जाऊन बसली. बाहेर एक म्हातारा गुडघ्याच्या एक्स-रेसाठी ताटकळत होता. त्याच्याशी ती नेहमीसारखं गोड बोलू लागली.

टेरेसानं मनाशी ताडलं, मायलेकांचं बिनसलेलं दिसतंय. चाळिशीचा घोडा, पत्ता अजून आईबापाचाच, आणि आईच्या नोकरीसाठी त्याला दोन शब्द बोलायला नकोत! ग्लेनिसकडे चौकशी केली तर ती म्हणाली, मी बाई मागच्या हिवाळ्यातच या गावात आले, मला काय ठाऊक. आर्डिथ घरातलं अवाक्षर काढत नाही. नवरा मर्व्ह तेवढा घरी असतो, लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करतो.

टेरेसानं नोंदीतला नंबर फिरवला. आर्डिथच्या पाठीमागे हे करायला तिचं मन घेत नव्हतं, पण करायचं ते तिच्याच भल्यासाठी होतं.

फोन मर्व्हनं उचलला. मागे रेडिओवर गव्हाचे भाव चालले होते. आर्डिथ ठणठणीत आहे, हे टेरेसानं आधी सांगून टाकलं, कारण इस्पितळातून फोन म्हटलं की माणूस आधी वाईटच धरून चालतो. मग तिनं परीक्षेचा घोळ थोडक्यात सांगितला आणि म्हणाली, तुमच्या मुलाला जरा फोनवर बोलवा.

"मुलाला?"

"हो. त्याचा नुसता होकार हवाय. मिनिटभराचं काम आहे, पण आर्डिथची नोकरी वाचेल हो."

रेडिओ बंद झाला.

"बाई, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही," मर्व्ह म्हणाला. "आम्हाला एकच मुलगा झाला. तुमच्याच इस्पितळात. तो रडलाच नाही. तेव्हाची रीतच तशी होती. नर्स कापडात गुंडाळून घेऊन जायची. आईला दाखवायचे नाहीत, नाव ठेवू द्यायचे नाहीत. विसरा आणि घरी जा, म्हणायचे. मीही त्याला पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही दोघं त्याच्याबद्दल कधी बोललो नाही."

टेरेसाच्या डोळ्यांत पाणी आलं.  ती एवढंच म्हणाली की काळजी करू नका, कॉर्विनच्या नोंदीत नियम कुठे मोडलेला नाही, आर्डिथ पास झाली आहे.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय नाव म्हणालात त्याचं?" मर्व्हनं विचारलं. "पुन्हा एकदा सांगा ना."