गोणी

"धर तिचे हात," मालकीण म्हणाली, आणि मुलाने बायकोचे हात धरले.

बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांना टेकवून सुनेला बसवलं होतं. मालकिणीने डाव्या हाताने तिचा जबडा दाबला आणि दुधात कुस्करलेल्या पावाचा डाव तोंडात कोंबला. डाव खाडकन दातांवर आपटला. ओठ फाटला. हनुवटीवरून ओघळणारं दूध गुलाबी झालं.

"गीळ, गोणे. गीळ म्हणते ना."

गोणी हे नाव मालकिणीनेच ठेवलेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सून दुकानाच्या दारातून अंग चोरून, आडवी होऊन आत आली. गिऱ्हाइकांदेखत मालकीण म्हणाली, "मैदा मागवला होता, ही गोणी कुणी पाठवली?" सगळे पोट धरून हसले. सूनही हसली. तेव्हापासून भट्टीवरचे कामगारसुद्धा गोणीवहिनीच म्हणत. पाळणा हलेना, तेव्हा मालकीण म्हणायची, "गोणीत पीठ असतं, पोर कुठलं?" अशी नऊ वर्षं गेली.

मग पाच महिन्यांपूर्वी पित्ताचे खडे निघाले. मुलगाच तिला लांबच्या दवाखान्यात घेऊन गेला. पोटावर पाच बारीक भोकं घेऊन ती परत आली आणि बघता बघता निम्मी झाली. आता दोन महिन्यांची गरोदर होती. आणि ही बया अंडं लहान पोराच्या चमच्याने चाखायची, अर्धं टाकायची. गेला आठवडाभर तर पाणीसुद्धा ओकत होती. मालकिणीने काय ते ओळखलं. अंगाला नवे कपडे बसायला लागले ना. कंबर सुटू नये म्हणून ही माझं नातवंड उपाशी मारते.

घास पोटात गेला आणि तसाच मालकिणीच्या अंगावर आला.

मालकिणीने तिच्या कानशिलात भडकावली. मग दुसऱ्या बाजूला. सून पोत्यावरून घसरली आणि तिचं कपाळ पत्र्याच्या ट्रेवर आपटलं.

"आई, राहू दे," मुलगा पुटपुटला. बायकोचे हात मात्र त्याने सोडले नाहीत.

"राहू दे? दोन जिवांची बाई दोन घास खात नाही, आणि राहू दे?"

सुनेने डोळे उघडले. बुबुळं एका जागी ठरत नव्हती.

"खडे नव्हतेच, आई," ती म्हणाली. "बारीक व्हायला पोट कापून घेतलंय. केळ्याएवढं उरलंय. दीड वर्ष मूल नको म्हणाले होते डॉक्टर. राहिलंच तर लगेच या, थोडं थोडं खा, उलट्या थांबल्या नाहीत तर एक दिवस घालवू नका. ह्यांना सगळं माहीत आहे. कागदावर सही ह्यांचीच आहे."

मालकिणीने मुलाकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"म्हणून हात धरलेस?"

भट्टीतून पाव ओढायचं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकलेलं होतं. मालकिणीने ते उचललं आणि पहिला फटका मुलाच्या मनगटांवर घातला. हाड वाजलं. दुसरा पाठीत, तिसरा खांद्यावर, आणि दांडा मोडला तशी ती उरलेल्या तुकड्याने हाणत राहिली. कामगारांनी तिला मागून आवळलं तेव्हा पोरगा पिठात तोंड खुपसून पडला होता.

पाव पोचवायच्या गाडीत, ट्रे बाहेर फेकून सुनेला निजवलं. मालकीण शेजारी बसली. तिच्या मांडीवर सुनेचं डोकं होतं, आणि ते तान्ह्या पोराच्या डोक्यासारखं हलकं होतं.

"पण पोट कापायचं कुणी सांगितलं होतं तुला?" मालकिणीने विचारलं. "कुणी घातलं हे खूळ डोक्यात?"

सून फाटक्या ओठांनी हसली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हसली होती तशी.

दवाखान्यात स्ट्रेचर आतल्या दारातून गेलं. मालकीण नाव नोंदवायच्या खिडकीशी उभी राहिली. तिच्या हाताला दूध आणि रक्त वाळून चिकटलं होतं. खिडकीमागच्या बाईने पेन उचललं.

"पेशंटचं नाव सांगा."

मालकिणीने तोंड उघडलं. जिभेवर एकच नाव आलं. ते तिला गिळता येईना आणि ओकताही येईना.