रिकामा कप्पा

"भाभींचं सॅम्पल तर गोठलं होतं की," लॅबमधली कौसर म्हणाली. "मशीननं घेतलंच न्हाय. मी त्यांना उद्या परत बोलावणार होते."

शिवकुमारचा हात खिशाकडे गेला. त्यात बायकोचा छापील रिपोर्ट होता. पांढऱ्या पेशींचा आकडा इतका भयंकर, की दुपारी डॉक्टरांनी चष्मा काढून त्याला समोर बसवलं होतं. रक्ताचा कॅन्सर असावा, उद्याच पुढच्या तपासण्या करू, असं ते म्हणाले.

"मग हा आकडा आला कुठून?"

कौसरनं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं. रक्त तिच्याकडे, कंप्युटर त्याच्याकडे.

सोलापुरातल्या त्या लॅबमध्ये वर्षातून एकदा कामावरच्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची फुकट तपासणी होई. घरच्यांना छापील रिपोर्ट मिळे. कामावरच्यांचे आकडे कंप्युटरातच राहत आणि ते उघडून बघायची तसदी कुणी घेत नसे. धडधाकट सिद्धेश्वरीला शिवकुमार सकाळी हौसेनं घेऊन आला होता. आता ती जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये, मोहोळहून धावत आलेल्या बहिणीला डाळ-तांदूळ कुठं असतात, पोरीचे शाळेचे कपडे कुठं ठेवलेत, हे दाखवत होती. ती रडत नव्हती, याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

तो वर आपल्या खोलीत गेला. एका जिन्यातच दम लागला. दिवसच तसा होता.

रिपोर्ट छापणारा प्रोग्राम जुना, सी भाषेत लिहिलेला. दर तपासणीचे रकाने वेगळे. म्हणून प्रोग्राम आधी डेटाबेसला विचारायचा, रकाने किती आणि कसले, आणि जे येईल ते डिस्क्रिप्टरमध्ये घ्यायचा. डिस्क्रिप्टर म्हणजे मिसळणाचा डबाच समजा. एकेका पेशंटची ओळ आली की कप्पे भरायचे, त्यातून उचलायचं आणि छापायचं. एखादा कप्पा रिकामा निघाला की एरर येऊन प्रोग्राम ठप्प व्हायचा. 'इथं काही नाही' हे टिपून घ्यायची सोय लिहिणाऱ्या शहाण्यानं ठेवलीच नव्हती.

गेल्या आठवड्यात ही एरर सारखी यायला लागली. काउंटरवर माणसं खोळंबली. मॅनेजर गुरुबसप्पा वर येऊन ओरडले, "शिवकुमार, ते कायतरी करून बंद करा की! लोक माझं डोकं खायलेत!"

शिवकुमारनं बंद केलं. नीट दुरुस्तीला वेळ लागला असता, म्हणून एरर आली तरी पुढे चल, एवढंच त्यानं प्रोग्रामला सांगून टाकलं. गुरुबसप्पांनी खूश होऊन त्याला चहा पाजला.

आता त्यानं बायकोची नोंद उघडली. सगळे कप्पे रिकामे. मशीनकडून काही आलंच नव्हतं. मग पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर नजर रोखून त्यानं प्रोग्राम एकेक पायरी चालवून पाहिला. रिकामा कप्पा आला. एरर उठली आणि मुकाट गिळली गेली. प्रोग्रामच्या हातात आधीच्या पेशंटचा आकडा होता तसाच राहिला, आणि तोच सिद्धेश्वरीच्या नावाखाली छापला गेला. नमुने ज्या क्रमानं घेतले, त्याच क्रमानं सगळ्यांच्या ओळी प्रोग्राममधून जायच्या, छापायच्या असोत वा नसोत.

शिवकुमारनं डोकं टेबलावर टेकलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. इतका, की आधीचा तो पेशंट कोण, हे बघायच्या आत त्यानं फोन उचलला.

"अगं, तो आकडा तुझा नाहीच! दुसऱ्याचा तुझ्या नावावर छापला गेला. माझीच चूक. तुझं रक्त अजून तपासलेलंच नाही."

पलीकडे ती बहिणीला 'थांब गं जरा' म्हणाली.

"सिद्धेश्वरी?"

"माझी शपथ घ्या."

"तुझी शपथ. कौसरला विचार हवं तर."

मग मात्र ती रडली. दुपारपासूनचं सगळं रडली. बहीण मागून काय झालं, काय झालं म्हणून विचारत होती. फोन कानाशी धरून शिवकुमारही डोळे पुसत होता, आणि दुसऱ्या हातानं आधीच्या पेशंटचं नाव शोधत होता. ज्याचा कुणाचा आकडा असेल, त्याला आजच कळवायला हवं होतं.

सिद्धेश्वरी नाक ओढत हसली. आता तिला रागवायचं सुचत होतं.

"तरी मी सकाळी म्हणत होते, मला सुई नको. उठून चालले होते की मी! 'बघ, काय दुखत न्हाय' म्हणून तुमी आधी खुर्चीत बसून हात पुढं करून रक्त दिलं, म्हणून तर लगेच तुमच्या मागनं मी बसले."