हरभऱ्याची राखण

जीप बांधाशी थांबली तेव्हा भगवंत आपल्याच हरभऱ्यात उभा होता आणि पळायला उशीर झाला होता. जीपमागे दुसरी जीप, तिच्यामागे मोटरसायकली. दर्यापूरच्या या रस्त्यावर इतकी माणसं एक तर लग्नाला जमतात, नाही तर अपघाताला. लग्न कोणाचंच नव्हतं.

त्याने ओठावरून हात फिरवला. ओठ गार लागला. सकाळीच त्याच्या बायकोने, दीपमालेने, त्याला आरशासमोर बसवून मिशी काढायला लावली होती. "मोबाइलात तुमची मिशीच दिसते," ती म्हणाली होती. "मानूस कोन पायते?"

मोबाइलात तो सोमवारपासून होता. रानडुकरांची बातमी करायला एक चॅनलवाला आला होता. डुकरं अडवायला सगळेच शेताभोवती जुनी लुगडी बांधतात. भगवंताची लुगडी उन्हाने विरली होती, म्हणून त्याने चौकातून उतरवलेला आमदार नानासाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मागून आणला आणि तोंड नाल्याकडे करून बांधला. कॅमेऱ्यासमोर त्याने हात जोडून सांगितलं, "नानासायबाचा फोटो लावला तवापासून एक डुक्कर फिरकलं नाई." तो स्तुती करत होता. नानासाहेबांनी काम केलं असं गावात पहिल्यांदाच कोणी तरी म्हणत होतं.

मंगळवारी अपमान झाला म्हणून बाजार बंद. बुधवारी, अपमान नाही, सत्य आहे, म्हणून दुसऱ्या पार्टीचे पेढे. ग्रामपंचायतीला कुलूप लागलं आणि सरपंच अकोल्याला साडूकडे गेले. वनखात्याने पत्रक काढलं, की डुकरं कोणाला भितात याची नोंद खात्याकडे नाही. शाळेने 'माझा आवडता प्राणी' हा निबंध रद्द केला.

आता जीपमधून नानासाहेबांची माणसं उतरली आणि सरळ हरभऱ्यातून चालत आली. त्यांनी आपला फ्लेक्स आणला होता. तो बाभळीला टेकवला. त्यावर पुरुषभर उंच भगवंत हात जोडून हसत होता. मिशी एवढी मोठी, की भगवंताला तिची आठवण आली.

"जोडे मारा!" पुढचा ओरडला. गळ्यात साखळी, हातात मोबाइल. बाकीचे त्याला श्रावणभाऊ म्हणत होते.

जोडे बसू लागले. प्रत्येक जोड्याला भगवंताचे डोळे मिटायचे. विहिरीशी दीपमाला पदर तोंडात धरून उभी होती.

श्रावणभाऊची नजर भगवंतावर आली. "काय वो काका, हे वावर त्याचंच ना?"

"त्याचंच."

"कुठी हाय तो?"

"सकाळपासून दिसला नाई मले."

श्रावणभाऊ जवळ आला. त्याने भगवंताचा ओठ पाहिला. पाहतच राहिला. या भागात मोठा माणूस हौसेने मिशी काढत नाही, घरात कोणी गेलं तरच काढतो.

"कोन गेलं, काका?" श्रावणभाऊचा आवाज एकदम खाली आला.

"घरचाच मानूस."

"अरारा. लय वाईट झालं बापा." त्याने क्षणभर मान खाली घातली. मग वर केली. "पन दुःख जराक बाजूले ठेवा. तुमीबी हाना एक. जुन्या मानसानं हानलं तं व्हिडिओत वजन येते."

भगवंताने चप्पल काढली. पहिली त्याने अशी मारली, जशी गालावरची माशी झटकावी.

"जोरानं, काका! ह्याच्यावर दया नोका करू!"

चारी बाजूंनी मोबाइल वर झाले. त्याने जोराने मारली. मग अजून एक. थांबलो तर हे आपल्याकडे बघतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. म्हणून तो थांबला नाही. शेवटी श्रावणभाऊनेच त्याला मागून धरलं. "बस, काका, बस. फाटीन ना तो."

टाळ्या पडल्या. मग नानासाहेबांचा फ्लेक्स सोडवला, त्याला दुधाने न्हाऊ घातलं आणि खांद्यावर घेऊन उरलेल्या हरभऱ्यातून वाजतगाजत जीपपर्यंत नेला. धूळ बसली. अर्धं वावर जागेवर झोपलं होतं. एवढं नुकसान डुकरांनी आजवर केलं नव्हतं.

ऊन उतरलं. नाल्यातल्या काटेरी झुडपातून घुरघुर ऐकू आली.

दीपमालेने बाभळीखालचा फ्लेक्स उचलला, पदराने पुसला. "बांधा."

"माहा हाय तो."

"मंग आता कोनाचा आनता? खांब उघडे हायेत. अर्धा हरभरा तं वाचवा."

त्यांनी तो बांधला, तोंड नाल्याकडे करून. भगवंताला एका हाताने गाठ बसेना, तिनेच बसवली. मग तो नीट दिसतो का ते बघायला नाल्याच्या बाजूला गेला. संधिप्रकाशात तो मिशीवाला माणूस, गालभर चपलांचे ठसे घेऊन, हात जोडून हसत होता. भगवंत दोन पावलं मागे सरला.

"भेतीन का डुकरं?" फ्लेक्सच्या पलीकडून दीपमालेने विचारलं.

"भेतीन."

ती वळसा घालून आली. आधी तिने फ्लेक्सकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या वर उचललेल्या हाताकडे.

"अवो," ती हळूच म्हणाली, "गेले ते सारे. ठेवा आता ती चप्पल खाली."

भगवंताने आधी रस्त्याकडे पाहिलं.