दुसरे वाक्य

कावळे पिंपळावर होते. खाली उतरत नव्हते.

सायखेड्याच्या घाटावर नाथाचा दहावा होता. पिंड मांडून पाऊण तास उलटला होता. धाकट्या भावाने, हिरामणने, हात जोडून एकेक वचन दिले: गुलाबाचा मळा मोडणार नाही, वहिनीला अंतर देणार नाही. एक कावळा फांदीवर जरासा सरकला, तेवढेच.

"मंजू, तू बोल काही," हिरामण पुतणीला म्हणाला. "तुझ्यात लय जीव व्हता त्याचा."

मंजुषा दहा दिवस याच क्षणाला भीत होती. सासर सोडून ती नाशिक रोडला खोली घेऊन राहत होती. वडिलांनी तिला न विचारता सासरी शब्द दिला, मुलीला आणून सोडतो म्हणून. ते कळले त्या संध्याकाळी तिने वडिलांना फोन लावला आणि दोन वाक्ये बोलली. दोनच. पलीकडून उत्तर आले नाही. श्वास तेवढा ऐकू येत होता. मग काचेवर काच किणकिणावी तसा आवाज, चहाचा कप बशीत ठेवल्यासारखा. रागावले की वडील असेच गप्प होत. पहाटे झोपेतच त्यांचे हृदय थांबले.

तोंडातून सुटलेला शब्द आपला उरत नाही, हे तिला ठाऊक होते. तो कुठे जाऊन रुतला, हेही आता ठाऊक झाले होते.

ती पिंडासमोर वाकली. मग साऱ्या भावकीदेखत म्हणाली, "अण्णा, मी फोनवर म्हणाले, आजपासून तुम्ही मला मेलात. चुकलं माझं."

लाजेने तिचे कान तापले. दुसरे वाक्य मात्र तिने गिळले. ते आईबद्दलचे होते: आईसारखं मुकं जनावर होऊन मी नांदणार नाही. आई, कुसाबाई, दोन हातांवर बसली होती. ज्याने ऐकले तो गेला. जिने ऐकलेच नाही, तिला कशाला दुखवायचे?

पंखांची फडफड झाली. कावळा उतरला, पिंडाला शिवला.

"माफ केलं गं पोरी त्यानं," हिरामण म्हणाला.

मंजुषा हमसून रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने छातीभर श्वास घेतला.

माणसे पांगली. कुसाबाई शेवटच्या पायरीवर तांब्या विसळत होती. मंजुषा तिच्याजवळ जाऊन बसली. उभ्या जन्मात आई फारशी बोललेली नव्हती. तिच्या मनगटांवर बांगड्यांचे वळ तेवढे उरले होते.

"तुझ्या अण्णांनी काय बी ऐकलं नाय," ती शांतपणे म्हणाली. "फवारणीला गेले की फोन वट्यावर ठेवून जायचे. आल्यावर म्या सांगितलं, मंजूचा फोन व्हता, तुमची तब्येत इचारत व्हती. त्या रात्री दोन घास जास्त जेवले."

तिने तांब्या पालथा घातला आणि मुलीकडे पाहिले.

"आता दुसरं बी बोल. ते ऐकलेली अजून जिती हाय."