अकरावा रकाना

"आणि हा लाल ठिपका?" वैष्णवीने विचारलं.

विजयमाला सकाळपासून ह्याच प्रश्नाची वाट पाहत होती. तो धम्मरत्नसमोर येऊ नये, एवढंच तिला हवं होतं. पण धम्मरत्न शेजारच्याच खुर्चीवर होता. डाळमिलचा स्टोअर तो बारा वर्षं सांभाळत होता, आणि नव्या सॉफ्टवेअरच्या बैठकीला स्टोअरवाला हवाच, हे तिनेच ठरवलं होतं. रोज दुपारी ते दोघं ह्याच टेबलावर जेवायचे. भाज्यांची अदलाबदल करायचे. मस्टरमधले ठिपके जुन्या दिवाणजींचे आहेत असं तो समजत असावा, अशी तिची आशा होती.

वैष्णवी यवतमाळच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून आली होती. एक एप्रिलला मिलचं सगळं काम कॉम्प्युटरवर जायचं होतं. तिची पद्धत साधी होती. जुन्या वह्यांतली एकेक खूण घ्यायची आणि विचारायचं, ही कशासाठी? उत्तर मिळालं की त्या खुणेचा रकाना व्हायचा. कामगारांच्या मस्टरमधून आतापर्यंत दहा रकाने झाले होते.

"पीएफवाले आहेत का हे?"

"नाही," विजयमाला म्हणाली.

"ठेकेदाराचे?"

"नाही."

"मग काय, रोज उशिरा येणारे?" वैष्णवी हसली. "चौसष्टात एकोणीस निघाले."

"मी त सातले येतो मॅडम," धम्मरत्न म्हणाला. "ठिपका माह्यापुढंही आहे."

समोर पुंडलिकराव बशीत चहा ओतत होते. मिल त्यांची, विजयमाला त्यांची सून. "अव पोरी, जुनी गोष्ट आहे ते," ते म्हणाले. "राहू दे."

"काढूनच टाकू," विजयमाला घाईने म्हणाली. "लागत नाही आता."

"काढू नोको! दिवाळीत लागते."

"राहू देता येते काका," वैष्णवी म्हणाली. "पण त्याले नाव द्या लागते. रकान्याले नाव नसलं त सॉफ्टवेअर समोर जात नाही."

खाली मिल चालू होती.

दिवाळीच्या पाडव्याला पुंडलिकराव मिलच्या माणसांना घरी जेवायला बोलावत. ठिपकेवाल्यांना हे बोलावणं नसे. त्यांना आदल्या दिवशी मिलवरच मिठाईचा डबा मिळे. डबे वाटायचं काम स्टोअरचं, म्हणजे धम्मरत्नचं. अठरा डबे वाटून एकोणिसावा तो स्वतःच्या पिशवीत ठेवी.

"लिहा मॅडम, मी सांगतो नाव," धम्मरत्न म्हणाला. "'घरी जेवायले बोलवायचं नाही.' त्यात हो-नाही असं राह्यते ना? आमच्यापुढं 'हो' करून द्या."

पुंडलिकरावांची बशी ओठांशीच थांबली. "असं काहून म्हणतं लेका? डबा त जेवणापेक्षा महाग पडते!"

"पडते ना मालक. बिल मीच त आणतो."

वैष्णवीने ते नाव जसंच्या तसं टाइप केलं. आता ती हसत नव्हती. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. तो ती सकाळपासून प्रत्येक रकान्याला विचारत आली होती.

"नवीन माणूस लागला की हे कोण भरते?"

दिवाणजींचं नाव विजयमालाच्या जिभेवर आलं. ते वारून नऊ वर्षं झाली होती, नाकारायला येणार नव्हते. एकोणिसांपैकी बारा ठिपके होतेही त्यांचे. ती ते दरवर्षी नव्या मस्टरमध्ये उतरवून घेत असे, एवढंच. पण सात त्यांच्यानंतरचे होते. ते टाकायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

धम्मरत्नने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं.

"कशावरून भरता, ताई?" वैष्णवीने विचारलं.

विजयमाला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. नऊ वर्षांत तिने मिलमध्ये एकाही माणसाला जात विचारली नव्हती, आणि मनातल्या मनात तिला त्याचा अभिमान होता. विचारायची गरजच पडली नव्हती. अर्जावरचं आडनाव वाचलं की तिचा हात लाल पेनाकडे जात असे. हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. ती मस्टरची पानं उलटू लागली.

"बरं, सांगू नका," वैष्णवी म्हणाली. "करून दाखवा. म्हणजे मले कळंल. नमुना म्हणून माहंच नाव टाकते."

तिने एकेक करत दहा रकाने भरले. पहिल्यात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अकरावा रिकामा ठेवला आणि लॅपटॉप विजयमालाकडे वळवला.

"भरा."

"अव, ते त पाहुणी आहे," पुंडलिकराव म्हणाले. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

विजयमालाला पडद्याकडे बघायचं नव्हतं. पण आडनाव वाचून झालं होतं. उत्तरही आलं होतं, आधी सात वेळा आलं होतं तसंच, न बोलावता.

धम्मरत्नने त्याच्या बाजूला असलेला माऊस उचलला आणि हळूच तिच्या हाताशी ठेवला.